वाटाड्यांचे वाङ्मय

मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना प्रवासवर्णनाला आता स्वतंत्र प्रकरण मिळू लागले आहे. टीकाकार त्याची लक्षणे सांगतात, विद्यापीठे त्यावर प्रबंध लिहवून घेतात, आणि सुशिक्षित कुटुंबांच्या कपाटांत कादंबरीच्या शेजारी ते मानाने बसते. हे योग्यच झाले. परंतु प्रवासवर्णनाला लागून असलेले एक दुसरे पुस्तक आहे, त्याची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. परगावी कोठे उतरावे, तेथे काय पाहावे, कशाला किती वेळ द्यावा, एका दिवसात कोणते स्थळ पाहून मुक्कामी परत येता येईल, एवढेच सांगण्याची प्रतिज्ञा करणारे हे पुस्तक होय. युरोपातील भाषांत त्याची दोनशे वर्षांची परंपरा आहे. मराठीत त्याला अजून एक नावही स्थिरावलेले नाही. कोणी त्याला मार्गदर्शिका म्हणतो, कोणी प्रवासमित्र म्हणतो, कोणी नुसते माहितीपुस्तक म्हणून बाजूला ठेवतो. आम्ही या लेखापुरते त्याला ‘वाटाड्या’ म्हणू. डोंगरात वाट दाखविणाऱ्या माणसाचे हे नाव, आणि त्या नावातच कामाचे सारे स्वरूप आले आहे. वाटाड्या पुढे चालतो, मोजके बोलतो, आणि त्याला वाट खरोखर माहीत असते.

हा ग्रंथप्रकार वाङ्मय या संज्ञेस पात्र आहे काय, हा प्रश्न प्रथम उपस्थित होईल. रसिकांचा एक वर्ग म्हणेल की, ज्या पुस्तकाचे प्रयोजन गाडी सुटण्याची वेळ सांगणे हे आहे, त्यात रस कोठून असणार? आमचे उत्तर असे की, प्रयोजन व्यावहारिक असल्याने लेखन वाङ्मयाच्या बाहेर जात नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ राज्य कसे चालवावे हे सांगण्यासाठी लिहिले गेले. आज आपण ते मराठी गद्याचा नमुना म्हणून वाचतो. प्रश्न प्रयोजनाचा नसून ते साधताना लेखकाने कोणता विवेक दाखविला याचा आहे. वाटाड्याचा लेखक पदोपदी निवड करीत असतो. शंभर स्थळांतून दहा घेतो, दहांतून तीन पुढे आणतो, आणि तिघांपैकी एकाविषयी ‘हे सोडू नका’ असे म्हणतो. निवड आली की रुची आली, रुची आली की तिची परीक्षा आली. म्हणून वाटाड्या हा टीकाकाराचाच धाकटा भाऊ होय, आणि टीकाकाराने त्याच्याकडे पाठ फिरविणे बरे नव्हे.

प्रवासवर्णन आणि वाटाड्या यांतील भेद एका वाक्यात सांगता येण्याजोगा आहे. प्रवासवर्णनाचा नायक लेखक असतो, वाटाड्याचा नायक वाचक असतो. पहिल्यात ‘मी पाहिले’ हे क्रियापद मुख्य, दुसऱ्यात ‘तुम्हांस दिसेल’ हे. पहिले पुस्तक प्रवासाहून परतल्यावर लिहिले जाते व घरी बसून वाचले जाते. दुसरे परतल्यावरच लिहिले जात असले तरी दुसऱ्याच्या निघण्यापूर्वी वाचले जाते. यातून एक नैतिक फरकही उद्भवतो. प्रवासवर्णनकाराने अतिशयोक्ती केली तर वाचकाचे फार तर मनोरंजन होते; वाटाड्याने केली तर एखादे कुटुंब लेकराबाळांसह उन्हात उभे राहते. सत्याचे बंधन या लेखकावर अधिक कडक आहे, आणि हे बंधन पाळूनही जो वाचनीय होतो त्याचे श्रेय अधिक मानले पाहिजे.

युरोपातील परंपरेचा थोडा विचार केल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल. इ. स. च्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस या ग्रीक लेखकाने ग्रीस देशातील देवळे, थडगी, पुतळे व त्यांच्या कथा यांचे दहा भागांत वर्णन केले. ते इतक्या चोखपणे केले की, हाइन्रिख श्लीमान याने १८७६ मध्ये मायसीनी येथे उत्खनन केले तेव्हा सतराशे वर्षांपूर्वीचे हे पुस्तक त्याला उपयोगी पडले. अर्वाचीन काळी मेरिआना स्टार्क या इंग्रज बाईंनी १८२० च्या सुमारास युरोप खंडातील चित्रांचे व वास्तूंचे तारतम्य उद्गारचिन्हांनी दाखविण्याची युक्ती काढली. जितकी कलाकृती थोर तितकी चिन्हे अधिक. पुढे लंडनच्या जॉन मरे याने १८३६ मध्ये आपल्या प्रवासपुस्तकांची माला सुरू केली, आणि जर्मनीत कोब्लेन्झ येथील कार्ल बेडेकर याने या धंद्याला शास्त्राचे रूप दिले. मिलानच्या प्रार्थनामंदिराच्या पायऱ्या मोजताना तो दर वीस पायऱ्यांस एक वाटाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकीत असे आणि उतरताना पुन्हा तोच हिशेब पडताळून पाहत असे, अशी त्याची एक गोष्ट सांगतात. या पेढीने आपल्या पुस्तकांत जाहिराती घेतल्या नाहीत, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. मरे यांच्या पुस्तकांस जाहिरातींची पुरवणी जोडलेली असे; बेडेकरच्या लाल पुठ्ठ्याच्या आत मात्र खाणावळवाल्याचा पैसा शिरला नाही. त्या पुस्तकातील चांदणीला किंमत आली ती याच कारणाने.

परंतु या पद्धतीचे दोषही तेथील लेखकांनी वेळीच दाखवून दिले. इ. एम. फॉर्स्टर यांच्या १९०८ सालच्या ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ या कादंबरीत एका प्रकरणाचे नावच ‘सांता क्रोचे येथे बेडेकरविना’ अशा अर्थाचे आहे. पुस्तक हातातून गेल्यावर नायिकेला प्रथम असहाय वाटते, आणि मग तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागते. पुस्तकाने जे थोर म्हटले ते थोर मानणे, आणि चांदणी नसलेल्या भिंतीवरून नजर न थांबविता पुढे जाणे, ही पराधीनता वाटाड्यातून उत्पन्न होते. दुसऱ्या महायुद्धात या चांदण्यांचा उपयोग अत्यंत विपरीत झाला. १९४२ मध्ये जर्मन विमानांनी एक्झिटर, बाथ, नॉर्विच, यॉर्क व कॅंटरबरी या प्राचीन नगरांवर बॉम्ब टाकले, आणि ते हल्ले ‘बेडेकर हल्ले’ या नावानेच इतिहासात नमूद झाले. पाहण्यासाठी केलेली यादी उद्ध्वस्त करण्याची यादी ठरली. तात्पर्य, निवड हे निरुपद्रवी कर्म नव्हे. तीत सामर्थ्य आहे, आणि म्हणून जबाबदारीही आहे.

आता मराठीकडे वळू. हा प्रकार आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला, असे समजणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते हा समज खरा नाही. मराठीतील अत्यंत जुन्या गद्यग्रंथांपैकी एक ग्रंथ शुद्ध वाटाड्याच आहे, आणि त्या ग्रंथामागची परंपरा आमच्या वऱ्हाडात रुजलेली आहे. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ हा तो ग्रंथ होय. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंचा निवास होता; तेथेच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यानंतर स्वामी ज्या ज्या ठिकाणी राहिले, बसले, जेवले, त्या त्या ठिकाणाला नमस्कार करावयाचा तर ते ठिकाण नेमके कोणते, हा प्रश्न अनुयायांपुढे उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणजे स्थानपोथी. परंपरा ती मुनिव्यासांच्या नावावर सांगते, डॉ. वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन करून ती अभ्यासकांच्या हाती दिली.

या पोथीची रीत पाहण्यासारखी आहे. गाव कोणते, गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, देवळाचे तोंड कोणीकडे, आतील कोणत्या भागात स्वामींचे आसन, हे सारे ती एकापाठोपाठ एक सांगत जाते. दीर्घ मुक्कामाला ‘अवस्थान’, एका रात्रीच्या मुक्कामाला ‘वसती’, क्षणभर टेकण्याला ‘आसन’, अशी तिची परिभाषा ठरलेली आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर मुक्कामाचे गाव, रात्रीचा थांबा आणि धावती भेट यांचे हे वर्गीकरणच नव्हे काय? तीत विशेषणांचा सुकाळ नाही, उद्गार नाहीत. ज्याच्या मनात भक्ती आहे त्याला ती जागा दाखवून द्यावी, भक्ती कशी वाटावी हे सांगू नये, एवढा संयम या लेखकाजवळ आहे. आणि भक्तांसाठी लिहिलेली ही पोथी आज इतिहासकारालाही उपयोगी पडते. यादवकालीन गावांची रचना आणि नाहीशी झालेली देवळे यांचा माग तीवरून काढता येतो. पॉसेनियसची आठवण येथे सहज होते. दोघांचेही यश एकाच गुणात आहे, तो म्हणजे नेमकेपणा.

एवढा चांगला आरंभ झाल्यावर ही परंपरा पुढे का वाढली नाही? एक कारण उघड आहे. ही पोथी पंथाच्या आतच राहिली. सांकेतिक लिपीत बद्ध झालेले महानुभाव वाङ्मय विसाव्या शतकापर्यंत इतर मराठी वाचकांस जवळजवळ अज्ञात होते. दुसरे कारण समाजाच्या राहणीत आहे, आणि ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. जुन्या काळचा मराठी प्रवासी उतरण्याची सोय विकत घेत नसे. काशीस, गयेस, नाशिकास गेला की तीर्थोपाध्याय त्याला शोधून काढी, वहीत त्याच्या आजोबा-पणजोबांची नावे दाखवी आणि आपल्या वाड्यात उतरवून घेई. इतर गावी नातलग, जातभाई, धर्मशाळा किंवा देवळाची ओसरी. जेथे उतरण्याला पैसे नाहीत, तेथे उतरण्याच्या जागेची परीक्षाही नाही. पाहुण्याने यजमानाच्या घरातील ढेकणांविषयी लिहावे, हे आपल्या शिष्टाचारात बसणारे नव्हते. क्षेत्रमाहात्म्ये होती, परंतु त्यांत पुण्याचा हिशेब असे, पाण्याचा नसे.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाकडे या दृष्टीने पाहावे. घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. पंचवीस वर्षांनंतर त्याने लिहिलेली हकीकत चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये, पुष्कळ फेरफार करून, प्रसिद्ध केली. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या हातून १९६६ मध्ये बाहेर आली. झाशीच्या वेढ्यामुळे या ग्रंथाची कीर्ती झाली आहे. आम्हांस मात्र त्यातील व्यवहाराची दृष्टी तितकीच मोलाची वाटते. जवळचे द्रव्य, रात्रीचा आसरा, उद्याचे जेवण आणि वाटेवरील लूट यांची काळजी वाहणारा हा माणूस आहे. त्याचे डोळे नेहमी रस्त्यावर आहेत. वाटाड्याला लागणारे डोळे ते हेच.

पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेवरील ग्रंथाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ असे आहे; तो १८८९ चा. या नावातील क्रम बोलका आहे. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून. देश मोठा, आपण लहान, हे भान तेथे नावापासूनच आहे. पुढे विसाव्या शतकात हा क्रम उलटला. अनंत काणेकर यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० मध्ये आले आणि मराठी प्रवासवर्णनाला ललित निबंधाचे अंग प्राप्त झाले. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ १९५९ चे, पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० ची आणि ‘पूर्वरंग’ १९६३ चे. या पुस्तकांनी मराठी गद्याला जे दिले ते अमोल आहे, आणि त्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. परंतु ‘अपूर्वाई’ हातात धरून कोणी लंडनची वाट शोधीत नाही, आणि लेखकाचीही तशी इच्छा नाही. त्या पुस्तकात लंडनपेक्षा लंडनात आलेला मराठी माणूस अधिक दिसतो, आणि तेच त्याचे सौंदर्य. तोटा एवढाच झाला की, या यशाने पुढील सर्वांस एकाच वाटेचा मोह पडला. ज्याच्याजवळ पु. लं.ची प्रतिभा नाही तोही विमानातील पहिल्या जेवणाची फजिती सांगू लागला. चार दिवसांचा प्रवास, चारशे विनोद, आणि ज्या गावाला गेले त्याचे नाव बदलले तरी पुस्तकात फारसा फरक पडणार नाही, अशी पुस्तके मराठीत थोडी नाहीत.

या प्रवाहात मीना प्रभु यांचे कार्य वेगळे उठून दिसते. १९९३ च्या ‘माझं लंडन’ पासून त्यांनी एकेका देशाला एकेक भरगच्च ग्रंथ वाहिला. ‘दक्षिणरंग’, ‘चिनी माती’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ ही नावे वाचकांच्या परिचयाची आहेत. त्यांच्या लेखनात इतिहास आहे, रस्ते आहेत, माणसे आहेत, आणि एकट्या बाईने परमुलखात कसे वावरावे याचे धडे न सांगता मिळतात. वर्णन आणि वाटाड्या यांचा संगम मराठीत कोणी घडविला असेल तर तो त्यांनीच. अनेक मराठी स्त्रिया ही पुस्तके वाचून प्रथमच एखाद्या दूरच्या देशाचा विचार करू लागल्या असतील, आणि हे एखाद्या लेखिकेचे लहान यश नव्हे. तरीही टीकाकाराच्या नात्याने एक गोष्ट नोंदविणे प्राप्त आहे. या ग्रंथांत विपुलता आहे, तारतम्य कमी आहे. जे जे पाहिले ते ते सांगण्याची आवड इतकी की, महत्त्वाचे आणि किरकोळ यांना सारखीच पाने मिळतात. तीन दिवस हाती असलेल्या वाचकाला काय गाळावे हे कळत नाही. आणि काय गाळावे हे सांगणे हीच वाटाड्याची खरी विद्या.

अशा रीतीने एका बाजूस ललित प्रवासवर्णन फुलले आणि दुसऱ्या बाजूस वाटाड्याचे काम साहित्यिकांच्या हातून निसटून प्रवाससंस्थांच्या पत्रकांकडे गेले. टॉमस कुक याने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला एका शिलिंगात सुमारे पाचशे माणसे नेली, तेथून या धंद्याचा उगम झाला. महाराष्ट्रात गेल्या पन्नास वर्षांत तो चांगलाच फोफावला. या संस्थांनी मध्यमवर्गाला जग दाखविले, म्हाताऱ्या आईवडिलांना सुखरूप नेले आणि आणले, परदेशात वरणभाताची सोय केली. हे उपकार आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्यांच्या पत्रकांतील मराठी हा आमचा विषय आहे. प्रत्येक सरोवर ‘नयनरम्य’, प्रत्येक शिखर ‘विहंगम’, प्रत्येक हॉटेल ‘आलिशान’. मेरिआना स्टार्क यांच्या उद्गारचिन्हांत चढउतार होता. एक आणि तीन यांत अर्थ होता. येथे सर्वच स्थळांना सारखी उद्गारचिन्हे मिळाल्याने एकालाही अर्थ उरला नाही. दहा दिवसांत सात देश दाखविणाऱ्या पत्रकात ‘बाहेरून दर्शन’ असा एक शब्दप्रयोग असतो. त्याचा अर्थ असा की, वास्तू गाडीतून उतरून पाहावयाची, छायाचित्र काढावयाचे आणि पुन्हा गाडीत बसावयाचे. देवळाच्या कळसाला नमस्कार करून पुढे जाण्याची आपली जुनी चाल या नव्या यात्रेत अशी उतरली आहे!

अतिशयोक्तीचे एक घरचेच उदाहरण घ्या. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेले असून ते जगातील ‘तिसऱ्या क्रमांकाचे’ आहे, असे वाक्य मराठी माहितीपुस्तकांत वर्षानुवर्षे एकमेकांवरून उतरविले जाते. वस्तुस्थिती अशी की, पृथ्वीवर उल्कापाताची दीडशेहून अधिक विवरे ज्ञात आहेत, आणि लोणारचा सुमारे १.८ किलोमीटरचा व्यास त्यांपैकी पुष्कळांपुढे अगदी लहान आहे. मेक्सिकोतील चिक्शुलुब येथील विवराचा व्यास दीडशे किलोमीटरहून मोठा आहे. लोणारचे खरे महत्त्व वेगळेच आहे. ते बेसॉल्ट खडकात उल्कापाताने घडलेले अत्यंत सुस्थितीतील विवर आहे. त्याचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. काठावर जुन्या देवळांची माळ आहे. आणि २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. खरी थोरवी हाताशी असता खोटा क्रमांक कशासाठी लावावा? ज्याने स्थळ नीट पाहिले नाही त्यालाच क्रमांकाची गरज लागते.

दुसरा दोष शिळेपणाचा. वाटाड्याला वर्ष असले पाहिजे. अकोटाहून मेळघाटातून खांडव्याकडे जाणारी मीटरमापी रेल्वे हे एक मोठे नवल होते. धूळघाटाजवळ ती वळसा घेऊन स्वतःच्याच मार्गावरून पलीकडे जाई. ती वाट आता बंद झाली आहे. अकोला ते अकोट रुंदमापी गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. जुन्या पुस्तकाच्या भरवशावर कोणी धूळघाटचा वळसा पाहण्यासाठी अकोटास उतरला तर दोष कोणाचा? पुस्तकावर साल स्पष्ट छापले असेल तर वाचकाचा. नसेल तर लेखकाचा आणि प्रकाशकाचा.

तिसरी उणीव उतरण्याच्या जागांविषयीची आहे, आणि ती सर्वांत मोठी. यजमानाविषयी न बोलण्याचा जुना शिष्टाचार हॉटेलाच्या बाबतीत पाळण्याचे कारण नाही. तेथे आपण पाहुणे नसून गिऱ्हाईक आहो. तरीही मराठी पुस्तकांत हॉटेलांची केवळ नावे व पत्ते सापडतात, किंवा लेखकाचा ज्याने सत्कार केला त्याची स्तुती सापडते. खोली हवेशीर आहे काय, रात्री रस्त्याचा गलबला किती, म्हातारी माणसे जिना चढू शकतील काय, गरम पाणी कोणत्या वेळी येते, एकट्या स्त्रीला निर्धास्तपणे राहता येईल काय, या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या यादीत नाहीत ती यादी कुटुंबवत्सल वाचकाच्या कामाची नाही. आज प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीवर शेकडो अनोळखी लोकांच्या चांदण्या पाहावयास मिळतात, मग पुस्तकाचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु हजार अभिप्रायांची सरासरी म्हणजे निर्णय नव्हे. त्या हजारांत कोणाचे पैसे कोणी दिले हे कळत नाही, आणि त्यांची आवड आपल्यासारखी आहे की नाही हेही कळत नाही. मिशेलिनच्या पुस्तकाचे परीक्षक आपले नाव न सांगता जातात आणि जेवणाचे पैसे देतात. त्यांच्या मतास किंमत आहे ती यामुळे. ज्याचे मत विकत मिळत नाही, ज्याची रुची आपणांस पूर्वीच्या पुस्तकांवरून परिचित आहे, आणि जो आपल्या शब्दांखाली स्वतःचे नाव घालतो, असा एक जाणता लेखक हजार चांदण्यांहून बरा.

येथे कोणी विचारील की, जगाच्या प्रवासाची चर्चा अकोटासारख्या गावातून कशासाठी? आमचे म्हणणे असे की, वाटाड्याची कसोटी घराजवळच लागते. लंडनला जाणारे मराठी कुटुंब हाइड पार्कच्या कोपऱ्यावर वेलिंग्टनची कमान पाहते, समोरचा त्याचा वाडा पाहते. ब्रसेल्सला गेले तर वॉटर्लूच्या सिंहाच्या टेकडीवर चढून येते. हा वेलिंग्टन, तेव्हाचा जनरल आर्थर वेलस्ली, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोटापासून थोड्या अंतरावरील अडगावच्या मैदानात नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजांशी लढला. त्यानंतर सुमारे पंधरवड्याने, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला; १७ तारखेला देवगावचा तह झाला, आणि वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. नरनाळा व गाविलगड हे किल्ले तेवढे त्यांच्याकडे राहिले. आमच्या मुलखाचे भवितव्य ज्या शेतात ठरले, तेथून वाचक दर आठवड्यास बाजाराला जाताना जातो. आणि ज्या लढाईचा त्याच्याशी संबंध नाही तिच्या टेकडीचे तिकीट काढतो. यात वाचकाचा दोष आम्ही मानीत नाही. वॉटर्लूला दोनशे वर्षे वाटाडे मिळत आले; अडगावाला मराठीत एकही चांगला वाटाड्या मिळाला नाही.

नरनाळ्याचीही गोष्ट अशीच. अकोटाहून उत्तरेस पोपटखेडावरून शहानूर गाठावे. किल्ला मेळघाटच्या व्याघ्रक्षेत्रात असल्याने वनखात्याची परवानगी घेऊनच वर जावे लागते. पंधराव्या शतकाच्या अखेरची महाकाली दरवाजाची कमान, तिच्यावरील कोरीव अक्षरे व कमळे, वर पसरलेले विस्तीर्ण पठार, जागोजागचे तलाव, नऊगजी म्हणून प्रसिद्ध असलेली तोफ आणि राणीमहालाचे अवशेष, हा सारा एका दिवसाचा ऐवज आहे. याविषयीची माहिती कोठे मिळते? १९१० च्या इंग्रजी गॅझेटियरात मिळते, यादव माधव काळे यांच्या ‘वऱ्हाडचा इतिहास’ या ग्रंथात मिळते. परंतु पहाटे कोणत्या वेळी निघावे, उन्हाळ्यात वर पिण्याचे पाणी मिळेल म्हणून विसंबू नये, दरवाजापाशी अर्धा तास थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये, दिवस मावळण्यापूर्वी खाली यावे, हे एकत्र सांगणारे पुस्तक वाचकाच्या हाती नाही. ज्याला विद्वत्ता आहे त्याला वाचकाच्या पायांची काळजी नाही. ज्याला पायांची काळजी आहे त्याला त्या अक्षरांचा अर्थ ठाऊक नाही. या दोन गुणांची फारकत हेच मराठी वाटाड्याचे मूळ दुखणे होय. सह्याद्रीच्या दुर्गांना गो. नी. दांडेकरांसारखा रसिक आणि प्र. के. घाणेकरांसारखा अभ्यासू लेखक लाभला. सातपुड्याच्या दुर्गांना तो योग अजून यावयाचा आहे.

तर मग चांगल्या मराठी वाटाड्याकडून आम्ही काय अपेक्षितो? प्रथम, त्याने स्वतः पाहिलेलेच लिहावे, आणि कोणत्या साली पाहिले ते सांगावे. दुसरे, त्याने आपला खर्च आपण करावा. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या हॉटेलाविषयी मत देऊ नये. तिसरे, त्याने गाळावे. आणि का गाळले ते एका वाक्यात सांगण्याचे धैर्य दाखवावे. चौथे, त्याने विशेषणांपेक्षा अंतर, वेळ, दिशा व ऋतू यांवर भर द्यावा. नाइल किंवा नर्मदा रमणीय आहे की नाही, हे वाचक तेथे जाऊन ठरवील. आणि पाचवे, जे फॉर्स्टर यांनी सुचविले, त्याने योग्य क्षणी बाजूला व्हावे. स्थळाच्या दारापर्यंत बोट धरून न्यावे आणि तेथे बोट सोडावे. स्थानपोथीच्या लेखकाला हे पाचही गुण सहाशे वर्षांपूर्वी साधले होते, असे आमचे मत आहे. त्याने देवळाचे तोंड कोणीकडे ते सांगितले आणि नमस्कार ज्याचा त्याच्यावर सोपविला.

ऋद्धिपूर येथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. ज्या गावातून मराठी गद्याचा एवढा मोठा प्रवाह निघाला तेथे हे व्हावे, हे उचितच होय. त्या विद्यापीठातून कादंबरीवर, कवितेवर, नाटकावर प्रबंध होतीलच. त्यांच्या जोडीला चारदोन तरुणांनी खांद्यावर पडशी टाकून वऱ्हाडातील एकेक तालुका पायी पाहावा आणि त्याचा एकेक चोख वाटाड्या लिहावा, अशी आमची सूचना आहे. त्यांचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात येईल की नाही हे सांगवत नाही. परंतु त्यांच्या पुस्तकाची पाने सुट्टीच्या दिवशी एखाद्या कुटुंबाच्या हातात असतील, कोपरे दुमडलेली असतील, आणि त्यांवर चहाचे डाग पडलेले असतील. पुस्तकाला याहून मोठा मान कोणता?